ठोकलेली स्पिटफायर दुरुस्त करायची का? आधी ओळंबा, मग हातोडा

नमस्कार भाऊ, तुमचे फोटो मोबाईलवर नीट दिसेनात म्हणून रात्री घरी कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले, त्यामुळे उत्तराला दोन दिवस उशीर झाला.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. १९६८ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क थ्री, म्हणजे दोन सीटची उघडी इंग्लिश गाडी, तुमच्याकडे अकरा वर्षं. पहिल्या पावसात रविवारी पहाटे घोडबंदर रस्त्याने फाउंटन हॉटेलकडून ठाण्याला येताना गायमुखच्या उतारावर डाव्या वळणात मागची बाजू सुटली, गाडी गरकन फिरली आणि पुढचा डावा कोपरा कठड्याला बसला. बॉनेट चेपलं, डावं चाक आत वळलं, रेडिएटर फुटला. तुम्हाला सीटबेल्टचा वळ आणि मनगटाला मार, बाकी ठीक, हे वाचून बरं वाटलं. आता गाडी कोलशेतला बिल्डिंगखाली ताडपत्रीत आहे आणि सेक्रेटरी रोज विचारतोय कधी हलवणार. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: एक गॅरेजवाला म्हणतो चेन लावून खेचतो, तीन आठवड्यांत पेंटसकट देतो. एक मित्र म्हणतो इंग्लंडहून दुसरी बॉडी मागव. आणि बायको म्हणते विकून टाका, जीव वाचला हेच खूप.

यात एक ओळ तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलीय की "डावा दरवाजा आता थोडा उचलून लावावा लागतो". माझ्यासाठी अख्ख्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे. बॉनेट कितीही भयानक दिसत असलं तरी ते पुढे बिजागरीवर उभं राहणारं झाकण आहे, ते सुटं होतं, बदलता येतं, ठोकता येतं. दरवाजा मात्र सांगतोय की मार कुठपर्यंत गेलाय. म्हणजे तुमचा खरा प्रश्न "दुरुस्त करू का विकू" हा नाहीच, खरा प्रश्न "धक्का कुठे जाऊन थांबला" हा आहे. तो सुटेपर्यंत तिन्ही सल्ले हवेतले.

मी वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं डेंटिंग आणि चासीचं काम करतो. पोटापाण्याचं रोजचं काम म्हणजे वॅगनआर आणि डिझायर, पण जुन्या गाड्यांची आवड असलेली माणसं हळूहळू येत गेली. स्टँडर्ड हेरल्ड, म्हणजे ट्रायम्फचीच मद्रासला बनलेली गाडी, बऱ्याच केल्या, स्पिटफायर हाताखालून दोनच गेल्यात, पण ज्या पान्याने हेरल्ड उघडली त्याला स्पिटफायर परकी नाही असं आमचे डेंटर चाचा म्हणतात. कारण स्पिटफायरची चासी हेरल्डच्याच घराण्यातली. हेरल्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, साडे ९१ इंच, स्पिटफायरचा ८३ इंच, म्हणजे २१०८ मिलिमीटर. हा २१०८ आकडा लिहून ठेवा, लागणार आहे.

आता या गाडीची बांधणी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही डोक्यात बसणार नाही. हेरल्डला चासीच्या बाजूंना बाहेरून पट्ट्या आहेत, बॉडीचा भार त्यांच्यावर येतो. स्पिटफायरला त्या नाहीत, मधोमध पाठीच्या कण्यासारखी चासी आणि वर बॉडी बोल्टांनी बसवलेली, बाजूची ताकद सगळी दरवाज्याखालच्या सिलमध्ये, म्हणजे पेटीसारख्या पोकळ पत्र्यात. वर टप नाही, त्यामुळे सिल गेलं की गाडी मधून वाकते. दुसरं म्हणजे मागच्या चाकांना पुढे-मागे धरून ठेवणारे जे रेडियस आर्म आहेत ते या गाडीत चासीला नाही, बॉडीला बोल्ट केलेत, सीटच्या मागच्या पत्र्याला. म्हणजे पुढे मार बसून बॉडी जराशी सरकली किंवा मुरडली तर मागची चाकं सुद्धा वाकडी बघायला लागतात. लोक पुढची अलाइनमेंट चार चार वेळा करतात आणि गाडी तिरकी चालतच राहते, कारण दोष मागे असतो.

मी स्वतः हे खाल्लेलं आहे. नवीन नवीन गॅरेज होतं, पाचपाखाडीचं एक गिऱ्हाईक, हेरल्ड, पुढून ठोकलेली. मी उत्साहात चेन लावली, खेचली, बॉनेटच्या फटी जुळल्या, रंग मारला, खूश. आठ दिवसांनी गिऱ्हाईक नाही, त्यांच्या मिसेस आल्या आणि म्हणाल्या मी मागे स्कूटरवर होते, तुमची गाडी खेकड्यासारखी चालते. मी हसलो, मग मागे जाऊन बघितलं तर खरंच पुढची चाकं एका रेषेत आणि मागची चाकं दुसऱ्या रेषेत. सगळं परत उघडलं, स्वतःच्या खिशातून. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, ओळंबा लावल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

ओळंबा म्हणजे तोच गवंड्याचा, दीडशे-दोनशे रुपयांचा. लेझरची मशीनं आहेत, चांगली आहेत, पण त्यांच्यात १९६८ च्या स्पिटफायरची मापं भरलेली नसतात, मग काय उपयोग. आमची पद्धत अशी की सपाट कोब्यावर गाडी चार स्टँडवर लेव्हलमध्ये घ्यायची, चासीवरचे असे पॉइंट निवडायचे जे दोन्ही बाजूंना सारखे आहेत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या खालच्या आर्मचे बोल्ट, पुढचे बॉडी माउंट, मधली फॅक्टरीची भोकं, डिफरन्शियलचे माउंट, आणि प्रत्येकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुली मारायची. मग गाडी बाजूला करायची आणि जमिनीवर फक्त फुल्या उरतात. आता दोरी लावून कर्ण मोजा. डाव्या पुढच्या फुलीपासून उजव्या मागच्या फुलीपर्यंत एक, उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत दुसरा. दोन्ही सारखे आले तर तो चौकोन सरळ आहे. तीन-चार मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, त्या काळात कारखान्यातूनच तेवढा यायचा असं माझं मत आहे, पण दहा-बारा आला तर चासी हललीय. आणि असे चौकोन पुढून मागे तीन-चार काढायचे, म्हणजे वाक नेमका कुठल्या टप्प्यात आहे ते कळतं.

तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुद्धा याचा अर्धा भाग होईल. उजव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा, स्टेअरिंग सरळ ठेवून, २१०८ च्या आसपास यायला पाहिजे. डावीकडे चाक वळलेलं असल्यामुळे तसं माप खोटं येईल, तिथे आर्मच्या बोल्टपासून घ्या आणि उजवीकडेही त्याच बोल्टपासून, मग तुलना करा. पहाटे करा, नाहीतर अर्धी सोसायटी गोळा होईल आणि प्रत्येकजण सल्ला देईल.

आता दरवाज्याचं. दरवाजा उचलून लावावा लागतो याची कारणं तीन असू शकतात आणि तिघांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं, बॉडी फक्त माउंटवर सरकलीय. हे ओळखायचं कसं, तर चासीला जिथे बॉडीचे बोल्ट आहेत तिथे बघा, वॉशरच्या बाजूला जुन्या रंगाची किंवा मातीची चंद्रकोर उघडी पडलेली दिसेल. असं असेल तर नशीबवान आहात, बोल्ट ढिले करून बॉडी जागेवर आणता येते. दुसरं, बिजागरीचा खांब म्हणजे डॅशबोर्डच्या बाजूचा उभा पत्रा मागे ढकलला गेलाय. मग दरवाज्याची पुढची फट आणि मागची फट दोन्ही बिघडतात, आणि पायाजवळच्या पत्र्यात सुरकुत्या दिसतात, कार्पेट काढून बॅटरी मारून बघा. तिसरं कारण, आणि मला फोटो बघून याचीच जास्त भीती आहे, सिल आधीच आतून सडलेलं होतं आणि धक्क्याने ते बसलं. खाडीच्या काठावर अकरा वर्षं राहिलेली गाडी आहे, पावसाचं पाणी दरवाज्यातून खाली उतरतं आणि सिलच्या पोटात साठतं. चासीच्या मध्यावर, सिलच्या रेषेत नाही, बरोबर मध्यावर, लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक हळूहळू लावा आणि दरवाज्याच्या वरच्या फटीवर नजर ठेवा. फट उघडझाप करायला लागली तर सिल मेलेलं आहे. मग टोकदार स्क्रूड्रायव्हरने खालून टोचून बघा, आत गेला तर सांगायलाच नको. आणि प्रामाणिकपणे आठवा, अपघाताच्या आधीही दरवाजा थोडा अडत होता का? बरेच लोक म्हणतात नाही हो, मग दोन दिवसांनी फोन येतो, हो जरासा अडायचा.

डावं चाक आत गेलंय ते बघून घाबरू नका. या गाडीत पुढचं सस्पेन्शन ज्या उभ्या टरेटवर बसतं ते टरेट चासीला बोल्टने लावलेले असतात, वेल्डिंगने नाही, वाकले तर काढून दुसरे लावता येतात. बॉनेटची बिजागरी धरणारा पुढचा पाइपही तसाच बोल्टचा. म्हणजे कोपऱ्यावरचा मार बऱ्याचदा हे सुटे भागच पिऊन टाकतात आणि मागची चासी वाचते. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा क्लॅम्पही तपासा, धक्क्यात दांडा आत सरकावा अशी सोय या गाडीत आहे, सरकला असेल तर ती सोय वापरली गेली असं समजा आणि दांडा, क्लॅम्प, रॅक तिन्ही उघडा. पट्टे मात्र डोळे झाकून नवीन. एकदा ताण खाल्लेला सीटबेल्ट मी कुठल्याच गाडीत परत लावत नाही.

एक गोष्ट बघायची फार इच्छा आहे आणि ती फोटोत नाही. डाव्या चाकामागे चाक धरणारा जो उभा लिंक आहे तो खाली पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या बिजागरीच्या तुकड्यात, फिरतो. त्यात ऑइल भरायचं असतं, गिअर ऑइल, नव्वद नंबरचं, ग्रीस नाही. आपल्याकडे ग्रीस गन दिसली की पोरं सगळीकडे ग्रीसच मारतात. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, पाणी साठतं, लिंक आतून गंजतो आणि एक दिवस कटकन तुटतो, चाक आडवं पडतं. तुमचा लिंक तुटलेला असेल तर तुटलेलं तोंड बघा. पूर्ण चकचकीत दाणेदार असेल तर तो कठड्याला आपटल्यावर तुटला. एक भाग तपकिरी जुना आणि थोडाच भाग चकचकीत असेल, तर तड आधीपासूनच होती आणि कदाचित गाडी त्यामुळेच सुटली. तो तुकडा फेकू नका, कापडात गुंडाळून ठेवा.

लिंक धड असेल तर मग गाडी का फिरली? तुम्ही लिहिलंय, "मागची बाजू हलल्यासारखी वाटली म्हणून मी लगेच पाय काढला." भाऊ, तुमच्या जागी मी असतो तर मीही काढला असता, कोणीही काढेल, पण या गाडीला नेमकं तेच चालत नाही. मार्क थ्रीला मागे स्विंग ॲक्सल आहे, म्हणजे प्रत्येक चाकाचा ॲक्सल मधल्या बाजूने वरखाली झुलतो, आणि वर स्प्रिंग म्हणून आडवा कमानीचा पाटा. वळणात ॲक्सिलरेटर सोडला की वजन पुढे जातं, मागची बाजू वर उचलली जाते, आणि मागची चाकं खालून आत मुडपतात, उकिडवं बसलेल्या माणसाच्या पायांसारखी. टायर रस्त्यावर सपाट बसायच्या ऐवजी कडेवर येतो आणि पकड जाते. हा दोष ट्रायम्फलाही माहीत होता, म्हणून पुढच्या मार्क फोरमध्ये त्यांनी पाटा वेगळ्या पद्धतीने, मध्ये हलेल असा बसवला. वर उतार, वर पहिला पाऊस, म्हणजे उन्हाळाभर सांडलेलं डिझेल आणि धूळ यांचा चिखल, आणि गायमुखचा रस्ता कसा आहे ते ठाणेकरांना मी सांगायला नको.

टायर किती जुने होते ते तुम्ही लिहिलंच नाही, "टायर नवीनसारखे आहेत" एवढंच. टायरच्या बाजूच्या भिंतीवर DOT अशी अक्षरं असतात, त्याच्या शेवटी चार आकडे. ३५१२ असेल तर २०१२ चा ३५ वा आठवडा. वर्षाला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीची नक्षी कधीच झिजत नाही, पण रबर लाकूड होतं. नखाने दाबून बघा. माझा अंदाज चुकला तर आनंदच आहे, पण पैज लावायची झाली तर मी टायरवर लावेन.

कारण आधी का शोधायचं, तर लोक बॉनेटवर लाखभर घालवतात आणि त्याच टायरवर, त्याच ग्रीस भरलेल्या ट्रनियनवर गाडी परत रस्त्यावर आणतात. तसलं काम मी घेत नाही.

आता तो तीन आठवडेवाला. त्याला मी ओळखत नाही, कदाचित चांगला कारागीर असेल, पण तीन आठवड्यांत पेंटसकट म्हणजे मोजमाप नाही, सिल उघडणं नाही, आणि पुट्टी भरपूर. शिवाय जून-जुलैत ठाण्यात रंग? हवेत इतका दमटपणा असतो की जुन्या पद्धतीचा ड्युको मारला तर वाळता वाळता पांढुरका पडतो. हार्डनर मिसळून मारायचा टू-के पेंट आणि बंद बूथ असेल तर जमतं, तरी जुन्या गाडीची घाई कशाला. पावसाळा पत्र्याचं काम करा, रंग दसऱ्यानंतर. फक्त एक नियम पाळायचा, पावसाळ्यात उघडा केलेला पत्रा रात्रभर तसा सोडायचा नाही, सकाळी त्यावर नारिंगी साय आलेली असते. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. बरेच जण रेड ऑक्साइड फासतात, ते ओल पिऊन घेतं, खिडकीच्या ग्रिलला ठीक, इथे नको. त्याला एकच प्रश्न विचारा, "खेचायच्या आधी आणि नंतर कर्णाची मापं लिहून द्याल का?" त्याने कागद मागितला तर काम द्यायचा विचार करा. हसला तर ताडपत्री तशीच राहू द्या.

खेचण्याबद्दल थोडं. चासी लाल करून खेचणारे आहेत, मऊ होते म्हणून पटकन येते खरी, पण त्या जागचा पोलाद नंतर तसा राहत नाही. आम्ही थंड खेचतो, जितकं पाहिजे त्यापेक्षा किंचित जास्त, आणि ताण ठेवून तासभर चहा, मग सोडून परत ओळंबा. अर्धं मागे जातं, परत खेचायचं. कंटाळवाणं काम आहे, याचा व्हिडिओ कोणी बघणार नाही.

आणि सिल कापायचं ठरलं तर हे वाक्य तुमच्या डेंटरला वाचून दाखवा: कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा तीर वेल्ड करायचा, दोन्ही बाजूंना, आणि बॉडी चासीवर बोल्ट असतानाच काम करायचं, एका वेळी एकच बाजू. उघडी गाडी आहे, तीर न लावता सिल कापलं तर मधून दबते आणि नंतर दरवाजा जन्मात बसत नाही. आधी दरवाजा बसवून फटी बघायच्या, मग टाके मारायचे, परत दरवाजा, मग पूर्ण वेल्डिंग. आतल्या मजबुतीच्या पट्टीला १८ गेज, बाहेरच्याला २० गेज सीआरसी, म्हणजे थंड लाटलेला पत्रा. कळंबोलीला लोखंडाचा बाजार आहे पण तेवढ्याशा तुकड्यासाठी कोणी दारात उभं करत नाही, वागळेत मिळून जाईल. गॅस वेल्डिंगने नको, मिगने म्हणजे तारेच्या इलेक्ट्रिक वेल्डिंगने, आणि सलग रेघ ओढायची नाही, इथे एक टाका तिथे एक टाका, नाहीतर पत्रा पापडासारखा होतो. अजून एक, या गाडीची पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, डिकीच्या पुढे आहे. वेल्डिंगच्या आधी टाकी रिकामी नाही, काढून बाहेर. बॅटरीची वायर तर तुम्ही काढलीच असेल. नसेल तर हे वाचायचं थांबा आणि खाली जा.

बॉनेट. फोटोत डावं मडगार्ड पूर्ण दुमडलंय पण मधला भाग आणि उजवी बाजू धड वाटते. अख्खं बॉनेट इंग्लंडहून मागवता येतं, तिथे ट्रायम्फचे पार्ट विकणारी खास दुकानं आहेत, पण ती पेटी किती मोठी होईल विचार करा, भाडं आणि कस्टम धरून रडू येईल. फायबरची बॉनेटं पण मिळतात, हलकी असतात, मला आवडत नाहीत, फटीच्या कडा कधी धारदार येत नाहीत. मी असतो तर फक्त डावं बाहेरचं मडगार्ड आणि आतली कमान मागवली असती आणि बाकी ठोकून काढलं असतं. मार्क थ्रीमध्ये मडगार्डाच्या वरून जी चकचकीत पट्टी जाते तिच्याखालीच जोड आहे, म्हणजे कापायची जागा कंपनीनेच देऊन ठेवलीय. स्पॉट वेल्ड ड्रिल करून सोडवायचे, आणि उजव्या मडगार्डावर पुठ्ठ्याचे साचे कापून घ्यायचे, दर सहा इंचावर एक, ते उलटे करून डावीकडे लावून बघायचे. डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, डोळा दुपारनंतर खोटं बोलतो. ताणलेला पत्रा टकटक आवाज करत आतबाहेर उड्या मारतो, त्याला शेगडीएवढा नाही, नाण्याएवढा ठिपका गरम करून ओल्या फडक्याने दाबत दाबत आकसवायचं. हे काम करणारी माणसं कमी होत चाललीत, आमचे चाचा साठीला आलेत, त्यांच्या मुलाला मोबाईलचं दुकान काढायचंय.

मेकॅनिकल भागांत तुम्हाला एक सोय आहे. मद्रासची स्टँडर्ड कंपनी १९६१ पासून हेरल्ड बनवत होती, त्यामुळे बुश, ट्रनियन, रॅक असल्या वस्तू अजूनही कुर्ल्याच्या भंगारात किंवा एखाद्या हेरल्डवाल्याच्या माळ्यावर निघतात. घराणं एक असलं तरी डोळे मिटून लावू नका. तुमच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, आपल्याकडच्या हेरल्डला ड्रम, त्यामुळे जुना आणि नवा पार्ट शेजारी ठेवून कॅलिपरने मापायचा. ट्रनियनचे आटे डाव्या-उजव्या बाजूला उलटे असतात हेही लक्षात ठेवा. आणि स्टँडर्डच्याच गॅझेल गाडीचे मागचे पार्ट कोणी खपवायला आला तर घेऊ नका, तिला मागचा ॲक्सलच वेगळा आहे.

कागदपत्रांचं सांगतो, कारण यात लोक पत्र्यापेक्षा जास्त मार खातात. तुमची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, दीड लाख आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे तुमच्या बाबतीत १,१२,५०० च्या वर, की कंपनी गाडी टोटल लॉस धरू शकते. सिल, बॉनेट, रंग मिळून त्याच्या वर जाणारच. टोटल लॉस झाला की भंगाराची किंमत कोण ठेवणार, गाडी कोण ठेवणार आणि आरसीचं काय, हे तीन प्रश्न येतात, त्यांची उत्तरं लेखी घेतल्याशिवाय सही करू नका. काही वेळा क्लेम न करता गाडी स्वतःच्या पैशाने करणं शहाणपणाचं ठरतं, हे तुमच्या खिशावर आहे, मी ठरवू शकत नाही. क्लेम करणार असाल तर सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक नटही सोडवू नका. पुढच्या वर्षी मात्र आयडीव्ही अशी सोडू नका, पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवू शकतात, फोटो आणि व्हॅल्युएशन घेऊन भांडा.

दुसरं, व्हिंटेज रजिस्ट्रेशन. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम आणले, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरमध्ये व्हीए येतं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं चालते. पण अट अशी आहे की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेला नको. म्हणून मित्राचा सल्ला, म्हणजे बाहेरून अख्खी बॉडी आणून घालायची, मला पटत नाही. आरटीओत चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात, दुसऱ्या गाडीचा सांगाडा आणि तुमची आरसी यांची सांगड घालता घालता एमएच झिरो फोरच्या खिडकीसमोर तुमचे केस पिकतील. जे आहे ते दुरुस्त केलं, आधीचे-नंतरचे फोटो ठेवले, तर सांगायला तोंड राहतं. आणि व्हिंटेज नंबर घेतला की रोज ऑफिसला गाडी नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, देखभाल एवढ्यासाठीच, ते तुम्हाला चालणार का बघा. तुमच्यासारख्या रविवारी पहाटे घोडबंदरला जाणाऱ्याला मी तरी साधीच नोंदणी ठेव म्हणेन.

विकायचं म्हणाल तर वहिनींचं म्हणणं मी खोडत नाही. त्या जे बोलतायत ते गाडीबद्दल नाही, त्या पहाटेच्या फोनबद्दल बोलतायत. पण आत्ता विकली तर घेणारा भंगाराच्या भावात घेईल, कारण त्यालाही धक्का कुठे थांबला ते माहीत नाही आणि तो वाईटातलं वाईट धरेल. मापं काढली की विकायची झाली तरी दोन पैसे जास्त येतात. म्हणजे काहीही ठरवा, पहिलं काम तेच.

हलवताना टोचन लावून ओढत नेऊ नका, डावं चाक लॉक आहे, फ्लॅटबेडच बोलवा, आणि गाडी बांधायचे पट्टे सस्पेन्शनच्या आर्मला नाही, चासीला. निघालेले तुकडे, काचा, पट्ट्या, क्लिपा सगळं एका गोणीत. बोल्ट सोडवाल ते झिपच्या पिशव्यांत, वर मार्करने नाव. डॅशबोर्डच्या खाली हात घालून बघा, तिथे सहसा मूळ रंग जिवंत सापडतो, फोटोत बाहेरचा निळा मला दोनदा मारलेला वाटतोय.

सध्या एवढंच करा: उजवीकडचा व्हीलबेस, दोन्ही बाजूंचं आर्मच्या बोल्टपासूनचं माप, जॅक लावल्यावर दरवाज्याची फट किती हलली ते, आणि टायरवरचे चार आकडे. इथेच टाका. ट्रनियनचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि बाजूने बॅटरी मारा, फ्लॅशमध्ये जुना गंज आणि नवी तूट सारखीच दिसते.